गाडी रिस्टोर करायचीय? काय स्वतः करायचं, काय बॉडी शॉपला द्यायचं, आणि कुठल्या क्रमाने

"स्वतः करू की बॉडी शॉपला देऊ?" हा प्रश्न लोक गाडी अर्धी खोलून झाल्यावर विचारतात, खरा घोळ तिथेच होतो. उत्साहात पहिल्याच रविवारी दारं निघतात, सीटा निघतात, डॅशबोर्ड निघतो, आणि मग कळतं की वेल्डिंग आपल्याच्याने होणार नाही. शॉपवाला म्हणतो खोक्यात भरलेली गाडी मी घेत नाही, आणि ती खोकी वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून राहतात.

दुसरा गैरसमज म्हणजे हा निर्णय पूर्ण गाडीचा एकदाच घ्यायचा असतो. तसं नाही. रिस्टोरेशन म्हणजे दहा-बारा वेगवेगळी कामं, त्यातली काही तुम्ही शॉपपेक्षाही चांगली करू शकता कारण तुम्हाला घाई नसते, आणि काही कामं घरी करणं म्हणजे गाडीला आणि फुफ्फुसांना दोन्हीला धोका. त्यामुळे खाली जे दिलंय ते क्रमाने करा, पायरी ओलांडून पुढे जाऊ नका.

१. आधी तपासा, पाना हातात घेऊ नका

गाडी धुवा, आतले मॅट आणि कार्पेट उचला, डिकी रिकामी करा. लागेल ते एवढंच: चांगला टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक, बोथट स्क्रूड्रायव्हर, वही आणि फोनचा कॅमेरा.

चुंबक पत्र्यावरून हळूहळू फिरवा. जिथे पकड एकदम सैल होते तिथे खाली जाड पुट्टी, म्हणजे खड्डे भरायची आपली लांबी, आहे असं समजा. दाराचा खालचा भाग, चाकाच्या कमानी आणि मागच्या फेंडरचा खालचा कोपरा, या तीन जागी जुन्या गाडीत हमखास काहीतरी सापडतं. बोटाच्या पेराने टकटक करून आवाजही ऐका, पुट्टीचा आवाज बद्द येतो. मात्र ॲल्युमिनियम, फायबर किंवा प्लॅस्टिकच्या पॅनलला चुंबक चिकटतच नाही, तेवढं लक्षात ठेवा.

मग गंज. बाहेर दिसणारा फुगवटा म्हणजे गंज आतून बाहेर आलाय, आत त्याच्या कितीतरी पट असतो. हे सगळं बघा:

- दाराखालची सिल, विशेषतः जॅक लावायच्या जागा
- फ्लोअर, ड्रायव्हरच्या पायाखाली जास्त
- बॅटरीचा ट्रे आणि त्याखालचा पत्रा
- पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखालची चौकट
- स्टेपनीचा खड्डा
- सस्पेन्शन जिथे बॉडीला किंवा चासीला जोडलेलं असतं त्या जागा
- दारांच्या तळाची पाणी जायची भोकं, ही बुजलेली असली की दार आतून सडतंच

स्क्रूड्रायव्हरने दाबून बघा, भोसकू नका. चांगला पत्रा दबत नाही. जिथे कुरकुर आवाज येतो किंवा टोक आत जातं तिथे खडूने गोल करा आणि फोटो काढा.

आता दारं. उघडा, बंद करा, उघडल्यावर हलकंसं वर उचलून बघा. वर-खाली हलतंय तर बिजागरी झिजलीय, ते सोपं. पण बिजागरी घट्ट असूनही दार बंद करताना वर उचलावं लागत असेल आणि वरची फट एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी असेल तर सिल सडून बॉडी खचली असण्याची किंवा जुन्या अपघाताची शक्यता आहे. या एका गोष्टीवर तुमचा अर्धा निर्णय ठरतो.

इथे थांबून बघा: वहीत प्रत्येक पॅनलसमोर तीनपैकी एक शब्द लिहा. "वरवरचा", "भोक", किंवा "ढाचा". ढाचा म्हणजे जिथे गाडीचं वजन किंवा धक्का जातो तो भाग. हे लिहून झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

२. कामाचे तुकडे पाडा आणि प्रत्येकासमोर नाव लिहा

रिस्टोरेशनच्या बिलात रंगापेक्षा मजुरी कितीतरी जास्त असते, आणि ती मजुरी मुख्यतः खोलणं, साफ करणं, घासणं आणि परत जोडणं यात जाते. म्हणजे पैसे वाचवायचे तर तिथे वाचतात. लोक उलट करतात, खोलणं-जोडणं शॉपला देतात आणि रंग घरी मारायला जातात, कारण रंग मारणं दिसायला मजेचं.

सर्वसाधारण माणसाने, म्हणजे ज्याला पाने चालवता येतात पण वेल्डिंग आणि स्प्रे गन नवीन आहे त्याने, स्वतःकडे ठेवायची कामं: खोलणं, लेबलं लावणं, सुटे भाग साफ करणं, बोल्ट-ब्रॅकेटला रंग, आतली सजावट, रबरं, वरवरचा गंज, आणि शेवटची जोडणी. घासकाम पण, पण त्याला एक अट आहे, ती पुढच्या पायरीत.

शॉपला द्यायची कामं: चासी वाकलेली असेल तर जिगवर (गाडी पकडून, मापात खेचून सरळ करायची चौकट) सरळ करणं, ढाच्याचं वेल्डिंग, चिकटवलेली काच, आणि शेवटचा टू-के रंग (हार्डनर, म्हणजे कडक करणारं रसायन, मिसळून मारायचा रंग) आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर). त्यातल्या त्यात नवीन गाड्यांच्या बाबतीत जास्तच जपा. त्यांच्या खांबांमध्ये आणि सिलमध्ये हाय-स्ट्रेंग्थ स्टील असतं, गॅसने लाल करून ठोकलं की त्याची ताकद जाते, वरून दिसायला मात्र सगळं छान. एअरबॅगच्या वायरिंगला तर हात लावायचाच नाही.

मधली कामं, म्हणजे छोटे डेंट, फ्लोअरला ठिगळ, पुट्टी, प्रायमर (रंगाखालचा थर), ही शिकून करता येतात. स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे बिघडलं तर परत घासून करता येईल का? पुट्टी बिघडली तर घासून परत लावता येते. वाकडी वेल्ड झालेली सिल बाहेर काढणं हे मूळ कामापेक्षा मोठं काम आहे.

वेळेचा अंदाज काढला असेल तर तो दुप्पट धरा. नंतर हत्यारांची यादी करा, कॉम्प्रेसर, वेल्डर, गन, सँडर, मास्क, आणि त्यातलं किती परत कधी वापरणार ते प्रामाणिकपणे बघा. एका गाडीसाठी पूर्ण सेट घेतला तर बऱ्याचदा शॉपचं बिलच स्वस्त पडतं.

३. शॉपशी बोलणं खोलण्याच्या आधी

शॉप निवडताना तिथे आत्ता उभी असलेली चकचकीत गाडी बघू नका, ताज्या रंगात सगळंच छान दिसतं. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांनी केलेली गाडी दाखवा म्हणा. पुट्टी आकसल्याच्या रेघा, कडेचे फुगवटे हे वेळ गेल्यावरच दिसतात. तिच्या दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का, रबरांवर आणि काचेच्या कडेवर रंगाचे शिंतोडे आहेत का, आणि पॅनलमध्ये ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ दिसतं की लाटा येतात, एवढं बघा.

अजून एक गोष्ट कोणी उघडपणे सांगत नाही. बहुतेक शॉपचा रोजचा धंदा अपघाताच्या गाड्यांवर चालतो, ते काम पटकन होतं आणि पैसे पटकन येतात. रिस्टोरेशनची गाडी जागा अडवते, म्हणून ती कोपऱ्यात सरकवली जाते. यात शॉपवाल्याचा दुष्टपणा नाही, हिशोबच तसा आहे. म्हणून सरळ विचारा की माझ्या गाडीवर आठवड्यात किती दिवस माणूस लागणार. "करून देऊ हो" हे उत्तर नव्हे.

लेखी घ्यायच्या गोष्टी:

- कामाची पॅनलवार यादी, "पूर्ण डेंटिंग-पेंटिंग" असा एकच आकडा नको
- रंगाची कंपनी आणि सिस्टीम, किती कोट, क्लिअर कुठला
- पैसे टप्प्याने: साहित्यापुरता ॲडव्हान्स, मग पत्राकाम बघून, मग प्रायमर बघून, मग रंग झाल्यावर
- जास्तीचा गंज सापडला तर आधी फोटो आणि फोन, तुमचा लेखी होकार, मगच काम
- पुट्टी झाकली जायच्या आधी प्रत्येक पॅनलचे फोटो

आणि आता ती अट. तुम्ही घासकाम-प्रायमर करून गाडी देणार असाल तर शॉपला ती कुठल्या अवस्थेत हवीय ते आधी विचारा. कोणाला उघडा पत्रा हवा असतो, कोणाला इपॉक्सी प्रायमर (उघड्या पत्र्यावरचा, गंज रोखणारा पहिला थर) मारलेली चालते, आणि कोणी दुसऱ्याच्या तयारीवर रंगाची गॅरंटी देतच नाही. कुठल्या कंपनीचा प्रायमर वापरायचा हे पेंटरकडूनच लिहून घ्या. सगळ्यात जास्त फुकट जाणारी मेहनत इथेच असते: लोक साध्या स्प्रे कॅनचा प्रायमर गाडीभर मारून अभिमानाने घेऊन जातात, वरच्या रंगातलं थिनर तो प्रायमर उचलून सुरकुत्या पाडतं, म्हणून पेंटर तो सगळा आधी काढून टाकतो आणि ती मजुरी तुमच्याच बिलात.

सावध: पूर्ण पैसे आधी द्यायचे नाहीत, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. पैसे उरलेत तोवर तुमची गाडी रांगेत आहे.

४. जागा आणि जिवाची काळजी

गाडी पूर्ण दारं उघडून चहूबाजूने फिरता येईल एवढी जागा हवी, आणि सुट्या पॅनलला वेगळी. पॅनल जमिनीवर आडवे टाकले की कोणीतरी पाय देतंच.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, कधीच नाही, दोन मिनिटांसाठी पण नाही. सपाट टणक जमीन, गाडीचं वजन पेलणारे जॅक स्टँड, उरलेल्या चाकांना अडवण, आणि खाली जायच्या आधी गाडी जोरात हलवून बघा. जुन्या गाडीत स्टँड लावायची जागाच सडलेली असू शकते, म्हणून पहिल्या पायरीत ती तपासायला सांगितली.

जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि जुन्या ब्रेक-क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस. त्यामुळे ब्रेकची धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुना रंग घासताना कापडी मास्क पुरत नाही, बारीक धुळीचा फिल्टर असलेला मास्क घ्या आणि ते कपडे घरातल्या कपड्यांत टाकू नका.

सावध: ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागेवर वेल्डिंग करू नका. क्लोरीन असलेला क्लीनर तापला की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. वेल्डिंगच्या आधी पुसायला क्लोरीन नसलेलं, पत्र्यासाठीचं ग्रीस रिमूव्हर वापरा, आणि ते पूर्ण वाळू द्या.

५. खोलणं

हे काम कोणालाही जमतं, आणि ते वाईट करणंही कोणालाही जमतं.

बॅटरी आधी, निगेटिव्ह पहिली. नंतर पेट्रोल काढून टाकी खाली उतरवा आणि ती कामाच्या जागेपासून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आत वाफ असते.

प्रत्येक भाग काढण्याआधी लांबून एक फोटो, जवळून एक, आणि बोल्ट काढल्यावर एक. वॉशरचा क्रम, वायर कुठल्या बाजूने जाते, क्लिपचं तोंड कुठे आहे हे दिसलं पाहिजे. नट-बोल्ट झिपच्या पिशवीत, पिशवीत कागदाची चिठ्ठी आणि बाहेर मार्करने नाव, कारण तेलकट हात लागले की मार्कर पुसला जातो. "डावं पुढचं दार, बिजागरी, वरची" असं लिहा. नुसतं "दार" लिहिलेल्या पिशव्या सहा महिन्यांनी काही कामाच्या नसतात. वायरिंगच्या प्रत्येक टोकाला टेपची चिठ्ठी.

बिजागरी काढण्याआधी तिच्या कडेने पत्र्यावर रेघ ओढा, परत बसवताना निम्मं काम वाचतं. बिजागरीखालच्या पातळ पट्ट्या म्हणजे शिम किती आणि कुठे होत्या ते पण लिहा.

जाम झालेल्या बोल्टवर दादागिरी करू नका. वायर ब्रशने साफ, गंज सोडवणारं तेल, रात्रभर थांबा, मग आधी थोडं घट्ट आणि मग सैल असं करत सोडवा. तरी नाही निघाला तर उष्णता, पण रबर, वायर, पेट्रोलची नळी जवळ नसेल तरच.

जुना भाग फेकू नका, नवा गाडीत बसून चालेपर्यंत. बाजारात मिळणारे नवीन पॅनल कितीदा तरी भोकांना जुळत नाहीत आणि मग नमुना म्हणून जुनाच लागतो.

सावध: चासी नंबर आणि इंजिन नंबरच्या जागेवर ग्राइंडर, जाड रंग, पुट्टी काहीही नाही. सुरुवातीलाच तिथे टेप लावून टाका. रंग बदलणार असाल तर गाडीच्या कागदपत्रांवर त्याची नोंद लागते का हे पण आत्ताच बघा.

शॉपला जाणार असेल तर गाडी चाकांवर ढकलता आणि वळवता आली पाहिजे, म्हणजे स्टिअरिंग आणि चाकं शेवटपर्यंत ठेवा. सोबत देत असलेल्या प्रत्येक भागाची यादी करून त्यावर सही घ्या. दिवे आणि क्रोमच्या पट्ट्या घरीच ठेवा, त्या तिथे हरवतात.

६. रंग काढणं आणि पत्राकाम

एका वेळी एकच पॅनल. पूर्ण गाडी एकदम उघडी केली की दमट हवेत एका रात्रीत तांबूस थर येतो आणि तुम्ही परत शून्यावर.

रंग काढायच्या आधी पॅनल ग्रीस रिमूव्हरने पुसा, एक फडकं ओलं आणि लगेच मागून दुसरं कोरडं. आधी घासून मग पुसलं तर पॉलिशमधलं सिलिकॉन घासायच्या पेपरच्या ओरखड्यांत दाबलं जातं आणि वरच्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. रंगाला आणि गंजाला स्ट्रिप डिस्क वापरा. ग्राइंडरची दगडी डिस्क पत्रा खाते आणि तापवते. केमिकल स्ट्रिपर सांध्यांमध्ये शिरतो आणि पुढे रंगाखालून बाहेर येतो, त्यामुळे कडांपासून लांब ठेवा आणि नीट धुवा. बॉनेट, छत, दाराचा बाहेरचा पत्रा यांवर जोरदार सँडब्लास्टिंग करू देऊ नका, सपाट पातळ पत्रा त्याने ताणला जाऊन लाटा येतात. चासी, ब्रॅकेट, सस्पेन्शनचे भाग यांना ब्लास्टिंग उत्तम.

गंज वरवरचा असेल तर चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा. बारीक खड्ड्यांत काळे ठिपके राहतात तेवढ्यासाठी रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारं रसायन) ठीक आहे, पण सुटणाऱ्या पापुद्र्यांवर तो ओतून काही होत नाही. फॉस्फोरिक ॲसिडवाला वापरला असेल तर डब्यावर सांगितलंय तसं धुऊन किंवा निष्प्रभ करून घ्या, ॲसिडचा अंश राहिला तर इपॉक्सी धरत नाही.

भोक असेल तर ठिगळ. सडलेल्या कडेपासून दोन-अडीच सेंटीमीटर पुढे, चांगल्या पत्र्यापर्यंत कापा. कोपरे गोल ठेवा. बॉडीचा पत्रा साधारण ०.७ ते १ मिमी असतो, त्याच जाडीचा पत्रा घ्या. मिग वेल्डरला (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन) ०.६ मिमीची तार, आणि आधी त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर सराव. दोन तुकडे जोडा आणि पकडीत धरून वाकवा-मोडा, पत्रा फाटला आणि जोड टिकला तर तुम्ही गाडीला हात लावायला तयार.

गाडीवर सलग रेघ ओढायची नाही. एक टाका इथे, दुसरा लांब तिकडे, मग मध्ये, असं करत जा, मध्येमध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. सलग वेल्ड ओढली की पॅनल तापून लाटांचा होतो आणि मग ती लाट झाकायला पुट्टीचा डोंगर लागतो. घरगुती पत्राकाम ओळखायचं झालं तर यावरून ओळखू येतं. जस्ताचा लेप असलेल्या पत्र्यावरचा लेप सांध्याजवळून आधी काढा, तो धूर घेतला तर थंडी-ताप भरतो.

सिल कापणार असाल, म्हणजे दुसऱ्या पायरीत तसं ठरलं असेल आणि हात तयार असेल तरच, तर आधी दाराच्या चौकटीत आडवा-तिरका लोखंडी आधार वेल्ड करा, कर्ण मोजून लिहून ठेवा, आणि एका वेळी एकच बाजू. आधार न देता दोन्ही सिल कापलेल्या गाडीची दारं नंतर बसत नाहीत.

इथे थांबून बघा: रात्री दिवे बंद करून गाडीखाली टॉर्च लावा आणि आतून बघा. जिथे ठिपक्याएवढा प्रकाश येतो तिथून पाणी येणार. ते ठिपके वेल्डने भरा, पुट्टीने नाही. वेल्डिंग संपल्यावर जागा सोडून जाऊ नका, कार्पेटच्या चिंध्या आणि जुनं अंडरकोटिंग धुमसत राहतं, तासभर तरी तिथेच थांबा आणि अग्निशामक हाताशी ठेवा.

७. रंगाआधी गाडी एकदा जोडून बघा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. दारं, बॉनेट, डिकी, फेंडर, बंपर, दिवे, आणि नवीन रबरं, हे सगळं उघड्या पत्र्यावर किंवा प्रायमरवर बसवा. नवीन रबर जुन्यापेक्षा जाड आणि कडक असतं, त्याने दार बाहेर येतं. फटी जुळवणं, भोक मोठं करणं, कड ठोकणं, हे सगळं आत्ता. रंग झाल्यावर हेच केलं की पहिला ओरखडा तुमच्याच पान्याचा.

शॉप रंग देणार असेल तरी ही जुळवाजुळव तुम्ही स्वतः हजर राहून करून घ्या. यात वेळ जातो आणि कुठल्याच बिलात तो नीट दिसत नाही, म्हणून शॉपमध्ये हीच गोष्ट उरकली जाते.

८. इपॉक्सी, पुट्टी, प्रायमर, ब्लॉक

क्रम असा: उघडा पत्रा ८० नंबरच्या पेपरने घासलेला, पुसलेला, त्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. त्यावर पुट्टी. मग सरफेसर प्रायमर (बारीक ओरखडे भरणारा जाड प्रायमर), मग ब्लॉकने, म्हणजे पेपर लावलेल्या सपाट ठोकळ्याने, घासणं. इपॉक्सीच्या माहितीपत्रकावर पुढचा थर किती वेळात द्यायचा ते लिहिलेलं असतं, ती वेळ उलटली तर आधी घासून खरखरीत करायला लागतं. ॲसिडवाल्या एच प्रायमरवर मात्र पुट्टी लावायची नाही.

पुट्टीच्या आधी पत्रा हातोडी-डॉलीने (डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) जितका जागेवर आणता येईल तितका आणा. पुट्टीचा थर दोन-तीन मिमीपर्यंत ठीक, त्याहून जास्त लागत असेल तर परत ठोकाठोकीकडे जा. हार्डनर साधारण २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम, नक्की प्रमाण डब्यावर बघा. छोटा वजनकाटा घ्या, अंदाजाने टाकू नका. जास्त झालं तर वरच्या रंगात डाग उमटतो, कमी पडलं तर कधी नीट वाळतच नाही. फेटायचं नाही, पसरून-दाबून मिसळायचं, नाहीतर हवेचे बुडबुडे राहतात आणि घासल्यावर भोकं दिसतात.

पॉलिस्टर पुट्टी पाणी शोषते. तिच्यावर वॉटर पेपर आणि पाणी नको, कोरडंच घासा: ८०, मग १२०, मग १८०. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांचे चर पडतात. सपाट पॅनलला लांब ब्लॉक, आणि तिरकं, एकदा या दिशेने एकदा त्या.

सरफेसरचे दोन-तीन कोट, पूर्ण वाळू द्या. वरून काळ्या पावडरचा किंवा पातळ रंगाचा गाइड कोट. ३२० ने घासत गेलं की काळं जिथे राहतं तिथे खड्डा, जिथे पत्रा उघडा पडतो तिथे उंचवटा. पत्रा उघडा पडला की घासणं थांबवा, उंचवटा ठोकून खाली घ्या. शेवटी ४००, मेटॅलिक रंग असेल तर ५००-६०० पर्यंत. घाईने रंग मारला तर प्रायमर नंतर आकसतो आणि घासल्याच्या रेघा महिन्याभराने वर दिसतात, लोक मग रंगाला शिव्या देतात.

इथे थांबून बघा: डोळे मिटून, पातळ हातमोजा घालून तळवा पॅनलवरून फिरवा, पूर्ण तळवा, नुसती बोटं नाही. डोळ्याला न दिसणारी लाट हाताला लागते. मग पॅनल ओला करून तिरक्या उजेडात बघा, ओला पत्रा रंगवल्यावर कसा दिसेल ते दाखवतो.

९. रंग: इथे बहुतेकांनी पैसे द्यावेत

टू-के रंग, क्लिअर आणि बऱ्याच सरफेसर प्रायमरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास नावालाच येतो, म्हणून कोळशाच्या फिल्टरचा मास्क संपलाय हे तुम्हाला कळत नाही. श्वासातून जातं, त्वचेतूनही जातं, आणि एकदा शरीराला ॲलर्जी लागली की पुढे थोडंसं जरी गेलं तरी दम्याचा झटका येऊ शकतो. त्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, पूर्ण सूट, हातमोजे आणि हवा खेचणारी बूथ लागते. टू-के स्प्रे कॅनमध्येही हेच असतं. ही सोय नसेल तर आठव्या पायरीतला टू-के सरफेसर पण शॉपमध्येच मारून घ्या, घासायचं काम तुमच्याकडे ठेवा.

सोय असेल आणि स्वतः करणारच असाल तर थोडक्यात: प्रायमरला १.६ ते १.८ मिमीची नोझल, बेस (क्लिअरखालचा रंगाचा थर) आणि क्लिअरला १.३-१.४. हवेच्या लाइनला पाणी वेगळं करणारा फिल्टर. गन पत्र्यापासून १५-२० सेंटीमीटर, मनगट न वळवता समांतर, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा तरी चढलेला. दोन कोटांमध्ये डब्यावर सांगितलेला वेळ थांबा, न थांबता जाड मारलं की आतलं थिनर बुडबुड्यांसारखं बाहेर फुटतं. हिटर, ठिणगी, पायलट ज्योत असं काहीही त्या जागेत नको. आधी भंगार पॅनलवर, तोही उभा करून. आडव्या पॅनलवर रंग ओघळत नाही, त्यामुळे तिथे जमलं म्हणजे दारावर जमेल असं नाही.

मेटॅलिक रंगात दारं आज, बॉनेट पुढच्या आठवड्यात असं केलं तर दोन शेड दिसतात, कारण चमकीचे कण हवेचा दाब, अंतर आणि थराप्रमाणे वेगवेगळे पडतात. सगळे पॅनल एकाच मिश्रणाचे, एकाच बैठकीत. पहिलीच वेळ असेल तर सरळ साधा सॉलिड रंग निवडा.

शॉपमध्ये रंग होणार असेल तर बेस मारण्याआधी एकदा जाऊन या. दारांच्या आतल्या कडा, बॉनेटखालचा भाग, डिकीचा गळा रंगवायचे ठरलेत ना, आणि शेडचं कार्ड दिवसाच्या उजेडात बघितलं ना, एवढं विचारा. रंग झाल्यावर गाडी ताब्यात घेताना उन्हात आणि ट्यूबलाइटखाली दोन्हीकडे बघा, धुतलेली आणि कोरडी. थोडी संत्र्याच्या सालीसारखी खरखर १५०० ते ३००० नंबरच्या ओल्या पेपरने आणि कंपाउंडने निघते. कडेला उचललेला रंग निघत नाही, तो तिथेच दाखवून लिहून घ्या.

१०. परत जोडणी

पाचव्या पायरीतल्या पिशव्या आणि फोटो आता काढा. सांध्यांवरचं सीम सीलर रंगाआधीच झालेलं असायला हवं, शॉपच्या यादीत ते लिहिलंय का बघा. दारांच्या कडांना, बॉनेटच्या कोपऱ्यांना आणि फेंडरच्या टोकांना मास्किंग टेपचे दोन थर लावून मगच जोडा, दार आणि बॉनेट दोन माणसांनीच. आधी वायरिंग, मग आवाज-गरमी रोखणारे पॅड, काचा, रबरं, आणि सीटा सगळ्यात शेवटी. प्रत्येक वायरिंगचा भाग झाला की बॅटरी जोडून तेवढेच दिवे तपासा, सगळं झाल्यावर एकदम तपासलं तर फ्यूज कशामुळे उडतोय ते शोधायला डॅशबोर्ड परत निघतो.

सिल, दारं, चासीच्या पोकळ्या यांच्यात कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) लांब नळीने आत मारा, आणि मारून झाल्यावर पाणी जायची भोकं तारेने परत मोकळी करा. शॉपला हे सांगितल्याशिवाय ते करत नाहीत, आणि वेल्डिंगनंतर आतल्या बाजूला उघडा पत्रा राहिलेला असतो, तिथून गंज परत सुरू होतो.

ताज्या रंगावर लगेच वॅक्स किंवा पॉलिशचा थर चढवू नका, आतलं थिनर बाहेर पडायला वेळ लागतो. रंगाच्या कंपनीने दिलेला कालावधी पेंटरकडून विचारून घ्या, तोवर नुसतं पाणी आणि मऊ फडकं. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर बिजागऱ्या, सस्पेन्शन आणि चाकांचे बोल्ट परत पान्याने तपासा, आणि पहिला जोराचा पाऊस झाला की कार्पेटखाली हात घालून बघा.